प्रशिक्षकाच्या शेजारी बसलेला माणूस

13 डिसेंबर 2018. भुवनेश्वरचं कलिंग स्टेडियम खचाखच भरलेलं. विश्वचषक हॉकीची उपांत्यपूर्व फेरी, भारत विरुद्ध नेदरलँड्स. आकाशदीपने पहिला गोल केला, पण सामना 2-1 असा नेदरलँड्सने जिंकला. भारताच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक म्हणून हरेंद्र सिंग होते. समोरच्या बाकावर मॅक्स काल्डास आणि त्यांच्या शेजारी सहायक प्रशिक्षक ग्रॅहम रीड.

पुढच्याच महिन्यात हरेंद्र यांचं पद गेलं. एप्रिल 2019 मध्ये भारताला नवा मुख्य प्रशिक्षक मिळाला. त्याचं नाव होतं ग्रॅहम रीड.

त्या स्पर्धेची अंतिम लढत नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्यात झाली. बेल्जियमने ती शूटआऊटमध्ये जिंकली. बेल्जियमचे मुख्य प्रशिक्षक शेन मॅक्लाउड आणि त्यांच्या मदतीला क्रेग फुल्टन. 2023 च्या विश्वचषकात भारत नवव्या स्थानावर घसरला, रीड यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी हेच फुल्टन आले. म्हणजे 2018 च्या अंतिम सामन्यातल्या दोन्ही संघांचे सहायक पाठोपाठ भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले.

सहायक प्रशिक्षक कितीही यशस्वी असला तरी तो मुख्य प्रशिक्षक होत नाही, असं खेळाच्या जगात नेहमी बोललं जातं. भारतीय हॉकीचा इतिहास पाहिला तर या वाक्यात थोडी दुरुस्ती करावी लागते. आपल्याकडे सहायकाला ती खुर्ची मिळते, फक्त तो दुसऱ्या देशाचा सहायक असावा लागतो.

यात परदेशी प्रशिक्षकांवर राग काढण्याचा हेतू नाही. 1980 च्या मॉस्को सुवर्णानंतर ऑलिम्पिक पदकासाठी आपण 41 वर्षं थांबलो. ते पदक टोकियोत रीड यांच्या हाताखाली आलं. पॅरिसचं कांस्य आणि हांगझोऊच्या एशियाडमधलं सुवर्ण फुल्टन यांच्या काळातलं. प्रश्न त्यांच्या लायकीचा नाही. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या भारतीय माणसाचं पुढे काय होतं, हा आहे.

ध्यानचंद यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. संघाबरोबर व्यवस्थापक जायचा, मैदानावरचा कारभार कर्णधार आणि ज्येष्ठ खेळाडू पाहायचे. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम टर्फ आलं आणि खेळ पार बदलला. आपण तिथे सातवे आलो. मनगटाच्या जादूइतकंच महत्त्व आता धावण्याच्या क्षमतेला, पेनल्टी कॉर्नरच्या सरावाला आणि गोलरक्षकाच्या तालमीला आलं. एकट्या प्रशिक्षकाला हे सगळं पेलणं शक्य नव्हतं. मग गोलरक्षकाचा वेगळा, फिटनेसचा वेगळा, व्हिडिओ पाहून चुका काढणारा आणखी वेगळा, अशी माणसं जमत गेली. बाक लांब होत गेला, त्यावरची मुख्य खुर्ची मात्र एकच राहिली.

या बाकावरची सर्वांत विलक्षण कहाणी मीर रंजन नेगी यांची आहे.

1982 च्या दिल्ली एशियाडचा अंतिम सामना. पंतप्रधान इंदिरा गांधी मैदानात हजर. पाकिस्तानने भारताला 7-1 असं हरवलं. गोलरक्षक नेगी होते. त्या संघाचा कर्णधार जफर इक्बाल होता, मोहम्मद शाहिद होता, सय्यद अली होता. पराभव अकरा जणांचा होता, पण सात गोल खाणारा एकच दिसतो. पाकिस्तानकडून पैसे घेतल्याचा आरोप नेगी यांच्यावर झाला. पुरावा कुणी दिला नाही आणि कुणाला त्याची गरजही वाटली नाही. 'गद्दार' हा शिक्का पुरेसा होता. त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली.

सोळा वर्षांनी, 1998 च्या बँकॉक एशियाडसाठी, हा माणूस भारतीय संघात परतला. मुख्य प्रशिक्षक होते मॉस्को सुवर्णविजेत्या संघातले महाराज कृष्ण कौशिक. नेगी यांच्याकडे गोलरक्षकांचं काम होतं. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी बरोबरीत सुटला आणि टायब्रेकरमध्ये गोलरक्षक आशिष बल्लाळने भारताला सुवर्ण जिंकून दिलं. 1966 नंतरचं, तब्बल 32 वर्षांनंतरचं सुवर्ण. ज्याला गोलजाळ्यामुळे देशद्रोही ठरवलं, त्यानेच तयार केलेल्या गोलरक्षकाने ते मिळवलं. एखाद्या सहायक प्रशिक्षकाच्या कामाचा याहून स्वच्छ पुरावा काय असू शकतो?

मग काय झालं? संघ मायदेशी परतला आणि कर्णधार धनराज पिल्ले, म्हणजे आपल्या खडकीचे पिल्ले, यांच्यासह सात ज्येष्ठ खेळाडूंना 'विश्रांती' देण्यात आली. कौशिक यांचं पद गेलं. 32 वर्षांनी सुवर्ण आणणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाची ही गत, तर त्याच्या सहायकाचा विचार कोण करणार? मुख्य प्रशिक्षक गेला की त्याची माणसंही जातात, हा आपल्याकडचा रिवाज. हरल्यावर तर जातातच, जिंकल्यावरही जातात, हे बँकॉकने दाखवून दिलं.

2002 मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात इंग्लंडला 3-2 असं हरवलं. ममता खरबचा तो सुवर्ण गोल अजून लोकांच्या लक्षात आहे. मुख्य प्रशिक्षक गुरदयाल सिंग भंगू होते आणि नेगी पुन्हा गोलरक्षकांबरोबर. 2004 मध्ये महिलांनी आशिया चषक जिंकला तेव्हा ते सहायक होते. सुवर्णपदकांची ही रांग पाहिली तर कुणालाही वाटेल की पुढची पायरी ठरलेली आहे. ती पायरी त्यांना मिळाली पडद्यावर.

ऑगस्ट 2007 मध्ये 'चक दे! इंडिया' आला. शाहरुख आणि त्या सोळा मुलींना हॉकी शिकवायचं काम नेगी यांनी केलं. लेखक जयदीप साहनी यांनी सांगितलेलं आहे की प्रेरणा मँचेस्टरच्या विजयाची होती, हा नेगी यांचा चरित्रपट नाही. तरीही देशाने तो त्यांचाच मानला. कारण कबीर खानची जखम तीच होती: पाकिस्तानविरुद्धचा पराभव, 'गद्दार' हा शब्द, काही वर्षांचा अंधार आणि महिला संघाबरोबर पुनरागमन.

चित्रपटाने दोन बदल केले. नायक मुसलमान झाला, हा पहिला. त्यावर आपण सगळ्यांनी भरपूर लिहिलं, बोललं. पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी चुकली आणि नाव खान असलं की संशयाला कारण सांगावं लागत नाही, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतं. लेखकाने ते ओळखलं. प्रत्यक्षात तो शिक्का नेगी नावाच्या माणसावर बसला होता, हे मात्र आपल्याही लिखाणात बऱ्याचदा निसटतं. हरलेल्या संघाला गद्दार लागतोच, तो कधी आडनावावरून शोधला जातो, कधी गोलजाळ्यात उभा असतो म्हणून सापडतो.

दुसरा बदल कुणाच्या ध्यानातच आला नाही. कबीर खान मुख्य प्रशिक्षक आहे. वास्तवात गोलरक्षकांबरोबर घाम गाळणारा माणूस पडद्यावर संघ निवडतो, मुलीला बाकावर बसवतो, अधिकाऱ्यांशी भांडतो. सहायकाची गोष्ट सांगायची तर त्याला आधी बढती द्यावी लागली, कारण सहायक हा नायक होऊ शकत नाही. गंमत अशी की त्या चित्रपटातही एक सहायक प्रशिक्षक आहे. विभा छिब्बर यांनी साकारलेल्या कृष्णाजी. कबीर यायच्या आधीपासून त्या संघाबरोबर आहेत. विश्वविजेतेपदानंतर त्यांचं काय झालं, हे ना पटकथेने सांगितलं, ना आपण कधी विचारलं.

ही अडचण एकट्या भारताची नाही. अमेरिका-कॅनडातली बर्फावरची हॉकी हा तर पुरता धंदा आहे. तिथे पूर्णवेळ सहायक नेमण्याची सुरुवात 1972 मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रेड शेरो यांनी माइक निकोलुक यांना घेऊन केली. पण मुख्य प्रशिक्षक हवा असला की तिथल्या संघांची नजर बऱ्याचदा खालच्या लीगकडे जाते. टाम्पा बेला 2020 आणि 2021 मध्ये सलग स्टॅनली कप जिंकून देणारे जॉन कूपर तिथूनच आले. छोट्या संघाचा का होईना, पण मालक होता ना, हा हिशेब. हरल्यावर पत्रकारांना तोंड दिलेलं असतं, कुणाला तरी वगळून त्याच्या डोळ्यांत पाहिलेलं असतं.

लॅरी रॉबिन्सन यांचं उदाहरण बोलकं आहे. न्यू जर्सीचे सहायक असताना, मार्च 2000 मध्ये, हंगामाचे आठ सामने उरले असताना त्यांना मुख्य पद दिलं आणि जूनमध्ये त्यांनी कप जिंकला. दोन वर्षांत त्यांना काढलं. ते पुन्हा त्याच संघाचे सहायक झाले, 2005 मध्ये पुन्हा मुख्य झाले आणि त्याच डिसेंबरमध्ये ताण सहन होत नाही म्हणून स्वतःच पायउतार झाले. सहायक हा खेळाडूंचा मोठा भाऊ असतो. मुख्य प्रशिक्षकाने झापलं की खेळाडू ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवतो, तो. त्यालाच एके दिवशी झापायला आणि वगळायला सांगितलं की नात्याचा पोतच बदलतो. हा बदल सगळ्यांना मानवत नाही, हेही कबूल करायला हवं.

या कसोटीवर रीड आणि फुल्टन यांच्याकडे पुन्हा पाहा. रीड हे ऑस्ट्रेलियात रिक चार्ल्सवर्थ यांचे सहायक होते. 2014 मध्ये चार्ल्सवर्थ गेले तेव्हा ऑस्ट्रेलियाने त्यांनाच मुख्य केलं. रिओत तो संघ सहावा आला, तरी त्यांच्या नावापुढे ऑलिम्पिक संघाचा मुख्य प्रशिक्षक ही ओळ लागली. फुल्टन यांनी बेल्जियमला जाण्याआधी आयर्लंडला रिओ ऑलिम्पिकपर्यंत नेलं होतं, 1908 नंतर पहिल्यांदा. भारतीय महिला संघातही टोकियोनंतर शोर्ड मरिन्ये यांची जागा त्यांच्या सहायक यान्नेके शॉपमन यांना मिळाली. पण शॉपमन त्याआधी अमेरिकेच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. तिघेही सहायक म्हणून आले खरे, पण मालकीचा दाखला खिशात घेऊन.

भारतीय सहायकाने हा दाखला कुठून आणायचा? आपली देशांतर्गत हॉकी रेल्वे, पोलीस, पेट्रोलियम कंपन्या, बँका यांच्या संघांवर चालते. तिथला प्रशिक्षक बहुधा त्या खात्याचा नोकरदार. हॉकी इंडिया लीग 2013 मध्ये सुरू झाली, 2017 नंतर बंद पडली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा उगवली. मधल्या सात वर्षांत एखाद्या होतकरू प्रशिक्षकाने स्वतःचा संघ चालवून दाखवायचा तर जागाच नव्हती.

एकच जागा उरते, ज्युनिअर संघ. हरेंद्र त्या वाटेने गेले. 2010 च्या दिल्ली विश्वचषकात ते होजे ब्रासा यांचे सहायक होते. 2016 मध्ये लखनौला त्यांच्या ज्युनिअर संघाने बेल्जियमला 2-1 हरवून 15 वर्षांनी विश्वचषक जिंकला. आता तरी दाखला मिळाला असं वाटलं. सप्टेंबर 2017 मध्ये रोलंट ओल्टमन्स यांना काढलं, तेव्हा पुरुष संघ मरिन्ये यांच्याकडे गेला. ते तोवर महिला संघाचे प्रशिक्षक होते. हरेंद्र यांना त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागी पाठवलं. दोनच महिन्यांत त्यांनी महिलांना आशिया चषक जिंकून दिला. मे 2018 मध्ये दोघांची अदलाबदल झाली आणि हरेंद्र अखेर पुरुष संघाच्या मुख्य खुर्चीवर बसले. चॅम्पियन्स ट्रॉफीत रौप्य, एशियाडमध्ये कांस्य आणि मग भुवनेश्वरचा तो सामना. आठ महिने. रीड यांना जवळपास चार वर्षं मिळाली. जानेवारी 2019 मध्ये हरेंद्र यांना सांगितलं गेलं की त्यांनी पुन्हा ज्युनिअर संघ सांभाळावा.

त्याच्याही आधीचं एक उदाहरण आहे. राजिंदर सिंग यांनी 2001 मध्ये ज्युनिअर विश्वचषक जिंकून दिला, 2003 मध्ये सीनिअर संघाला आशिया चषक मिळवून दिला. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकला काही आठवडे उरले असताना त्यांना बाजूला करून जर्मनीचे गेरहार्ड राख आणले गेले. भारत सातवा आला.

मार्च 2023 मध्ये राउरकेलाला प्रो लीगचे चार सामने होते, दोन जर्मनीशी, दोन ऑस्ट्रेलियाशी. रीड गेले होते. फुल्टन यांचं नाव जाहीर झालं होतं, पण ते अजून यायचे होते. हंगामी जबाबदारी ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड जॉन यांच्यावर होती आणि त्यांच्या जोडीला शिवेंद्र सिंग आणि बी. जे. करिअप्पा. दोनच महिन्यांपूर्वी जगज्जेत्या झालेल्या जर्मनीला त्या संघाने दोन्ही वेळा हरवलं, ऑस्ट्रेलियाविरुद्धही तो हरला नाही. मग फुल्टन रुजू झाले. टोकियोच्या कांस्यावेळी शिवेंद्र रीड यांच्या बाकावर होते. पॅरिसच्या कांस्यावेळी ते फुल्टन यांच्या बाकावर होते.