बुकित बातोकमधील कायमचे घर : नियोजन आणि रचना

सिंगापूरच्या पश्चिम भागातील बुकित बातोक ही चढउतारांची वसाहत आहे. मलय भाषेत ‘बुकित’ म्हणजे टेकडी. एकेकाळी या परिसरात ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. त्यांपैकी एका खाणीच्या जागी आज ‘लिटल ग्वेलिन’चे तळे आहे. गृहनिर्माण व विकास मंडळाने, म्हणजेच एचडीबीने, येथील बहुतांश जुन्या इमारती १९८० च्या दशकात उभारल्या आणि १९९० मध्ये एमआरटी स्थानक सुरू झाले. सिंगापुरात स्थिरावू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसमोर पुनर्विक्रीतील अशा घरांचा पर्याय असतो.

महाराष्ट्रात ‘कायमचे घर’ म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या चालणारी वास्तू डोळ्यांसमोर येते. एचडीबीच्या घराला मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची मर्यादा असते. म्हणूनच येथील नियोजनाचा आरंभ नकाशापासून नव्हे, तर वर्षांच्या हिशेबापासून करावा लागतो.

मुदतीचे गणित

ज्या घराचा भाडेपट्टा १९८५ मध्ये सुरू झाला, तो २०८४ मध्ये संपेल आणि घर शासनाकडे परत जाईल. मे २०१९ पासूनच्या नियमानुसार, भाडेपट्ट्याची उरलेली मुदत सर्वांत तरुण खरेदीदाराच्या वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत पुरत असेल, तरच भविष्य निर्वाह निधीतील (सीपीएफ) रक्कम पूर्ण मर्यादेपर्यंत वापरता येते. २०२६ मध्ये हे घर घेणाऱ्या दांपत्यातील धाकट्या व्यक्तीचे वय ३५ असेल, तर तिला ६० वर्षांची मुदत हवी. उरलेली मुदत ५८ वर्षांची. अशा वेळी निधीचा वापर प्रमाणात कमी होतो आणि रोख रकमेची तरतूद वाढवावी लागते. वीस वर्षांनी घर विकायचे ठरले, तर त्या वेळच्या खरेदीदारालाही हेच गणित मांडावे लागेल आणि त्याच्यापुढे मुदत आणखी कमी असेल.

पात्रता आणि बंधने

पती-पत्नी दोघेही स्थायी रहिवासी (पीआर) असतील, तर पुनर्विक्रीतील घर घेण्यासाठी दोघांनीही त्या दर्जाची किमान तीन वर्षे पूर्ण केलेली असावी लागतात. त्यांना एचडीबीचे कर्ज मिळत नाही. बँकेकडे जावे लागते. खरेदीपूर्वी एचडीबीचे पात्रतापत्र घेणे आवश्यक असते.

पुण्यात किंवा ठाण्यात स्वतःच्या नावे फ्लॅट असणाऱ्यांनी एक अट विशेष लक्षात घ्यावी. परदेशातील खासगी निवासी मालमत्तादेखील एचडीबीचे घर घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत विकावी लागते. आईवडील ज्या घरात राहतात तेच आपल्या नावावर असेल, तर हा केवळ कागदोपत्री प्रश्न राहत नाही. त्याचा निर्णय बयाणा देण्यापूर्वीच कुटुंबात व्हायला हवा.

१९८९ पासून प्रत्येक इमारतीत आणि परिसरात वांशिक प्रमाणाची मर्यादा लागू आहे. ‘भारतीय व इतर’ गटासाठी ती इमारतीत १५ टक्के आहे. मर्यादा गाठलेली असल्यास भारतीय खरेदीदाराला त्याच गटातील विक्रेता शोधावा लागतो. पुढे विक्रीच्या वेळीही अशा मर्यादांमुळे गिऱ्हाइकांचा वर्ग मर्यादित राहू शकतो.

इमारतीची निवड

आज तिशीत सहज चढता येणारा उतार सत्तरीत अडथळा ठरतो. त्यामुळे इमारतीपासून स्थानक, बाजार आणि दवाखान्यापर्यंतची वाट प्रत्यक्ष चालून पाहावी. पायऱ्या किती, छत असलेला मार्ग कुठवर आहे, लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते का, हे तपासावे. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे येथे पूर्व-पश्चिम भिंती अधिक तापतात. पश्चिमेकडील शयनगृहात दुपारचे ऊन रात्रीपर्यंत जाणवते. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनी दाराची व स्वयंपाकघराची दिशा खरेदीच्या वेळीच पाहावी. नंतर ती बदलणे जवळजवळ अशक्य असते.

अंतर्गत रचना

एचडीबीच्या मोजणीत दिवाणखानाही ‘रूम’ धरला जातो. त्यामुळे ‘फोर-रूम’ घर म्हणजे आपल्याकडचे तीन बीएचके. नव्या घरांत त्याचे क्षेत्रफळ साधारण ९० चौरस मीटर असते. इमारतीचा भार पेलणाऱ्या भिंती पाडता येत नाहीत; इतर भिंती पाडण्यासाठीही परवानगी लागते. काम एचडीबीच्या यादीतील ठेकेदारानेच करावे लागते. तोडफोडीची कामे सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतच करता येतात.

मराठी स्वयंपाकातील फोडणी लक्षात घेता उघड्या स्वयंपाकघरापेक्षा काचेचे सरकते दार अधिक सोयीचे ठरते. चिमणीची हवा बाहेर कशी जाईल, हे आधीच ठरवावे. देवघरासाठी न्हाणीघराला लागून नसलेली भिंत आणि समईच्या वर मोकळी जागा ठेवावी. तुळशीची कुंडी सामायिक सज्जात ठेवायची असल्यास १.२ मीटर वाट मोकळी राहिली पाहिजे.

सर्वाधिक खर्च न्हाणीघरावर करणे शहाणपणाचे आहे. फरशीखालचे जलरोधक काम नीट झाले नाही, तर खालच्या घरात गळती होते आणि तिच्या दुरुस्तीची जबाबदारी वरच्या व खालच्या दोन्ही घरमालकांवर येते. त्याच वेळी न घसरणाऱ्या फरश्या बसवाव्यात, उंबरा काढता येतो का हे पाहावे आणि भिंतीत आधारदांड्यांसाठी मजबुती करून घ्यावी. भारतातून दीर्घ मुक्कामाला येणाऱ्या आईवडिलांना त्याचा उपयोग होईल. तीस वर्षांनी घरमालकांनाही होईल. त्यांची खोली न्हाणीघरालगत असावी.

वारसा

घर दोघांच्या संयुक्त मालकीचे असल्यास एकाच्या पश्चात ते हयात जोडीदाराकडे जाते. सीपीएफमधील नामनिर्देशन घराला लागू होत नाही. त्यासाठी मृत्युपत्र करावे लागते. शिवाय वारसालाही एचडीबीच्या पात्रतेच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. मुले अमेरिकेत स्थायिक होऊन परकीय नागरिक झाली, तर त्यांना ते घर ठेवता येत नाही. विकून रक्कम घ्यावी लागते.

म्हणून बुकित बातोकमधील घर एका दांपत्याच्या पूर्ण आयुष्यासाठी आखावे. पुढच्या पिढीसाठीची तरतूद या भिंतींत न गुंतवता स्वतंत्रपणे करणे हेच हिताचे ठरते.