हलगी-ढोलकीचा लूप कापायचाय? सॉफ्टवेअर निवडताना आधी हे तपासा, मगच पैसे भरा

लग्नसराई, जत्रा आणि गणपती जवळ आले की गावोगावच्या डीजेवाल्यांना, बँजो पार्टीला आणि घरी बसून रिमिक्स करणाऱ्या पोरांना नवा ट्रॅक लागतो. त्यासाठी हलगी, ढोलकी, संबळ किंवा ताशाचा एखादा तुकडा घ्यायचा, त्याचे ठोके वेगळे करायचे आणि आपल्या गाण्याच्या लयीत पुन्हा बसवायचे, हे काम आता सर्रास चालतं. याला लूप स्लाइस करणं म्हणतात. अडचण येते ती सॉफ्टवेअर निवडताना. कुणी सांगतं हे घे, कुणी सांगतं ते घे. कुणी क्रॅक केलेली कॉपी पेनड्राइव्हवर देतो आणि दोन दिवसांत लॅपटॉप बसतो. कुणी पैसे भरून ॲप घेतो आणि नंतर कळतं की त्यात ताशा नीट कापलाच जात नाही. म्हणून पैसे भरण्याआधी काय बघायचं, याची ही माहिती.

लूप स्लाइस करणं म्हणजे नेमकं काय?

लूप म्हणजे सारखा फिरत राहणारा वाद्याचा तुकडा. समजा ढोलकीचा लूप १०० बीपीएमचा आहे, म्हणजे मिनिटाला १०० मात्रा. गाणं आहे १२० बीपीएमचं. लूप नुसता पळवला तर लय जुळते, पण आवाज चिरका होतो. ढोलकी ढोलकीसारखी वाजत नाही.

स्लाइस केल्यावर प्रत्येक ठोका वेगळा तुकडा होतो. मग लय वाढवली की तुकडे फक्त जवळ येतात, ठोक्याचा मूळ आवाज तसाच राहतो. शिवाय ठोक्यांचा क्रम बदलता येतो, एखादा ठोका गाळता येतो किंवा दुसऱ्या वाद्याचा त्याच्या जागी टाकता येतो.

लय कमी करताना मात्र उलटा प्रकार होतो. १०० चा लूप ८५ वर आणला की तुकडे लांब जातात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पोकळी पडते. चांगलं सॉफ्टवेअर ठोक्याची शेपटी, म्हणजे मागचा घुमारा, थोडा लांबवून ही पोकळी भरतं. ही सोय आहे की नाही हे पहिलं बघायचं.

हे आलं कुठून?

१९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतले हिप-हॉपवाले सॅम्पलर नावाच्या मशीनवर हाताने ठोके कापत. १९८८ साली आलेलं अकाई कंपनीचं एमपीसी ६० हे त्यातलं गाजलेलं मशीन. पुढे १९९४ मध्ये स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीने रिसायकल नावाचं सॉफ्टवेअर काढलं. ठोका कुठे सुरू होतो हे ते स्वतः शोधून तिथे खूण करायचं. आजच्या बहुतेक स्लायसरचं काम याच पद्धतीने चालतं. त्याची रेक्स नावाची फाईल अजूनही बरीच सॉफ्टवेअर उघडतात.

आपल्या वाद्यांना कुठे अडतं?

बाहेरची बरीच सॉफ्टवेअर ड्रमसेट डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहेत. ड्रमचा ठोका एकदम उठतो, त्यामुळे तो सापडायला सोपा. आपल्याकडे तसं नसतं.

- हलगी: जाड टिपरूचा ठोका मोठा, बारीक काडीचा हलका. संवेदनशीलता, म्हणजे सेन्सिटिव्हिटी, कमी ठेवली तर काडीचे ठोके सुटतात. जास्त ठेवली तर घुमण्यालाही ठोका समजून जादा तुकडे पडतात.
- ताशा: सलग तडतडीत ठोके इतके जवळ असतात की सॉफ्टवेअर कधी सगळं एकच धरतं, कधी भुगा करतं. तडतड अख्खी एक तुकडा म्हणून ठेवलेली बरी.
- ढोलकी: घिस्सा मारला की आवाज सरकत जातो. त्याच्या मध्येच कट बसला तर तुकडा तुटल्यासारखा ऐकू येतो.
- संबळ: दोन भांड्यांचे आवाज एकात एक मिसळतात. एका ठोक्याच्या तुकड्यात आधीच्याचा घुमारा येतो.

यावरून एक गोष्ट पक्की. स्वतः ठोके शोधणारं सॉफ्टवेअर चांगलंच, पण खूण हाताने सरकवता, वाढवता आणि पुसता आली पाहिजे. ही सोय नसेल तर ते आपल्या वाद्यांसाठी कामाचं नाही, मग जाहिरात कितीही भारी असो.

तालाचंही तसंच. सॉफ्टवेअर उघडलं की ते बहुधा चार-चारच्या हिशोबात असतं. केरवा किंवा भजनी ठेका ८ मात्रांचा, तो त्यात बसतो. दादरा ६ मात्रांचा, तो नाही बसत. त्यासाठी टाइम सिग्नेचर बदलून ३/४ किंवा ६/८ करता यायला हवी.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघा

फक्त अँड्रॉइड मोबाईल असेल तर

बँडलॅब हे ॲप फुकट सुरू करता येतं. त्यात ऑडिओ पट्टीवर ठेवून हाताने कापता येतो. शिकायला आणि छोट्या कामाला पुरतं. कोआला सॅम्पलर हे कमी किमतीचं ॲप आहे. आवाज पॅडवर टाकून बोटाने वाजवायचे, अशी त्याची रचना असल्याने हलगीवाल्या हाताला ते लवकर जमतं. त्यातल्या काही जादा सोयींना वेगळे पैसे पडतात, तेव्हा कोणती सोय कशात आहे हे आधी वाचा. एफएल स्टुडिओ मोबाईल हेही आहे, पण ते कॉम्प्युटरवालं एफएल स्टुडिओ नव्हे. दोन्हीची खरेदी वेगवेगळी होते.

मोबाईलवर काम करताना ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. त्यात आवाज उशिरा पोचतो आणि बोट आणि ठोका जुळत नाहीत. वायरचा हेडफोन घ्या.

जुना किंवा साधा लॅपटॉप असेल तर

ऑडॅसिटी पूर्ण फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात आवाजाच्या जागी लेबल लावून प्रत्येक तुकडा वेगळी फाईल म्हणून एका दमात काढता येतो. तुकडे पॅडवर वाजवणं, गाणं रचणं हे मात्र त्याचं काम नाही. कापण्यापुरतं झकास. मोबाईलसाठी ऑडॅसिटी नाही, त्यामुळे त्या नावाचं ॲप दिसलं तर लांब राहा.

रीपर हे हलकं सॉफ्टवेअर आहे. पूर्वी घरोघरी गाणी वाजवायला असलेलं विनॲम्प ज्याने केलं, त्याच जस्टिन फ्रँकेलने हे सुरू केलं. त्यातली डायनॅमिक स्प्लिट ही सोय ठोके शोधून तुकडे पाडते आणि संवेदनशीलता कमी-जास्त करता येते. ६० दिवस पूर्ण सोयींसह तपासता येतं. नंतर घरगुती किंवा छोट्या धंद्यासाठीचं लायसन्स ६० डॉलरचं आहे. म्हणजे पाच हजार रुपयांच्या पुढे, वर कर लागला तर तो वेगळा.

बरा लॅपटॉप असेल आणि धंदाच करायचा असेल तर

एफएल स्टुडिओ आपल्याकडच्या डीजेवाल्यांत सगळ्यात ओळखीचं. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं. पूर्वी त्याचं नावच फ्रूटीलूप्स होतं. फ्रूटी स्लायसर आणि स्लाइसएक्स अशी दोन कापायची साधनं त्यात आहेत. एकदा घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट, ही त्याची मोठी बाजू. फुकट चाचणी आवृत्तीला मुदत नाही. काम करता येतं, गाणं बाहेर काढता येतं, पण सेव्ह केलेलं प्रोजेक्ट पुन्हा उघडता येत नाही. तपासायला एवढं भरपूर झालं. त्याच्या चार-पाच आवृत्त्या आहेत. सगळ्यात स्वस्तात सगळं मिळत नाही, म्हणून आपल्याला हवं ते साधन कोणत्या आवृत्तीत आहे हे कंपनीच्या पानावरच्या तक्त्यात बघून मगच घ्या.

एबलटन लाइव्ह हे जर्मनीचं. स्टेजवर लाइव्ह वाजवणाऱ्यांना ते सोयीचं. त्यातलं सिम्पलर हे साधन लूपचे तुकडे करून कीबोर्डवर मांडतं. किंमत जास्त आहे आणि इथेही आवृत्तीप्रमाणे सोयी बदलतात.

ज्याच्याकडे ॲपलचा कॉम्प्युटर आहे त्याला गॅरेजबँड फुकट आहे. पुढे जायचं तर लॉजिक प्रो. त्यात २०२० पासून क्विक सॅम्पलर आलं, तेही तुकडे पाडतं. लॉजिक विंडोजवर चालत नाही.

पैसे भरण्याआधी ही परीक्षा घ्या

दुसऱ्याच्या व्हिडिओवर जाऊ नका. स्वतःच्याच वाद्याचा एक लूप घ्या आणि प्रत्येक सॉफ्टवेअरवर तोच लूप चालवा.

१. ठोके कानाने मोजा. समजा १४ आले. आता सॉफ्टवेअरला कापू द्या. तुकडे १३-१५ पडले तर उत्तम. ९ किंवा २२ पडले तर संवेदनशीलता बदलून बघा. तरी जमेना तर ते सॉफ्टवेअर बाजूला.

२. एक खूण हाताने पुढे-मागे करा. एक पुसा. एक नवी लावा. तिन्ही जमलं पाहिजे.

३. लय १५ बीपीएमने वाढवा, मग १५ ने कमी करा. दोन्ही वेळा कट कट असा आवाज येतो का, पोकळी पडते का ऐका.

४. ताल ६ मात्रांचा करून बघा.

५. तुकडे वेव्ह फाईलमध्ये बाहेर काढा आणि दुसऱ्या ॲपमध्ये उघडा. बाहेर काढताच येत नसेल तर उद्या ॲप बंद पडल्यावर सगळं काम अडकतं.

६. इंटरनेट बंद करून चालवा. वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसलेल्या गावात हे महत्त्वाचं.

लूपची लांबी काढायचा हिशोब

मात्रांची संख्या गुणिले ६० भागिले बीपीएम. उत्तर सेकंदात येतं. १२० बीपीएमला ८ मात्रा म्हणजे ४ सेकंद. १०० बीपीएमला १६ मात्रा म्हणजे ९.६ सेकंद. हाच लूप चुकून ९.७ सेकंदांचा कापला तर प्रत्येक फेरीला दशांश सेकंद मागे पडतो आणि दहा फेऱ्यांत पूर्ण एक सेकंद. वरातीत नाचणाऱ्याच्या पायाला ते लगेच कळतं.

रेकॉर्डिंग खराब असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही

हलगी-ताशाचा आवाज मोठा. मोबाईल अगदी जवळ धरला की आवाज फाटतो आणि फाटलेला ठोका नंतर नीट होत नाही. चार-पाच पावलं लांब धरा, आधी दहा सेकंद घेऊन ऐका. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून भिंतींपासून दूर, वारा नसेल तिथे वाजवा.

फाईल शक्यतो वेव्हमध्ये ठेवा. एमपीथ्री करताना सुरुवातीला किंचित शांतता जोडली जाते आणि लूप जुळत नाही. स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. लूप काही सेकंदांचाच असल्याने ती परवडते. व्हॉट्सॲपवर पाठवताना ऑडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

क्रॅक कॉपी का नको?

क्रॅक टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. तिथूनच व्हायरस शिरतो. त्याच लॅपटॉपवर बँकेचं काम, सातबारा, पोरांचे दाखले असतात. शिवाय ते बेकायदा आहे आणि धंद्यात वापरलं तर अडचण वाढते. फुकटची आणि चाचणीची सॉफ्टवेअर असताना ही जोखीम घ्यायची गरज नाही.

लूप कुणाचा?

हा मुद्दा बरेच जण सोडून देतात. यूट्यूबवरून उचललेला लूप बारीक चिरला तरी तो आपला होत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावर ६० वर्षं हक्क असतो आणि वाजवणाऱ्या कलाकाराचाही स्वतंत्र हक्क ५० वर्षं असतो. दुसऱ्याचा लूप सापडला तर व्हिडिओवर दावा येतो आणि कमाई थांबते.

जगातला सगळ्यात जास्त कापला गेलेला लूप याचंच उदाहरण आहे. १९६९ साली अमेरिकेच्या विन्स्टन्स बँडने एक गाणं केलं, त्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरने सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. अमेन ब्रेक नावाने तो ओळखला जातो. कोलमन यांना त्याचे पैसे मिळाले नाहीत. २००६ साली ते वारले. २०१५ मध्ये इंग्लंडच्या एका डीजेने लोकवर्गणी करून सुमारे २४ हजार पौंड बँडच्या प्रमुखाला दिले, पण ज्याचे हात वाजले तो तेव्हा हयात नव्हता.

आपल्या भागात हलगी, संबळ वाजवणारे हात गावातच आहेत. त्यांना बोलवा, ठरलेली बिदागी द्या, तासभर वेगवेगळ्या लयीत वाजवून घ्या. लूप वापरायची परवानगी, नाव कुठे द्यायचं आणि पैसे किती, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. लूप स्वच्छ मिळतो, कुणाचा दावा येत नाही आणि वाजवणाऱ्याच्या घरात चार पैसे जातात.

थोडक्यात

- मोबाईलच असेल: बँडलॅबवर शिका, पॅडवर वाजवायचं तर कोआला सॅम्पलर.
- साधा लॅपटॉप: कापायला ऑडॅसिटी, पूर्ण कामाला रीपर.
- धंदा करायचा: एफएल स्टुडिओ किंवा एबलटन लाइव्ह, आधी चाचणी आवृत्तीवर.
- ॲपलचा कॉम्प्युटर: गॅरेजबँड, मग लॉजिक प्रो.
- कुठलंही घ्या, खूण हाताने सरकवता आली पाहिजे आणि वेव्ह फाईल बाहेर काढता आली पाहिजे.
- सॉफ्टवेअरचे पैसे भरण्याआधी वाजवणाऱ्याची बिदागी बाजूला काढा.