निदान आणि संप्राप्ति

रोगाचें नांव सांपडलें म्हणजे रोग कळला, अशी समजूत रोग्याची असल्यास नवल नाहीं. परंतु वैद्यकाच्या विद्यार्थ्याची असल्यास ती घातक होय. आमचे जुने आचार्य नांवावर संतुष्ट नव्हते. माधवनिदानांत रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. रोग शरीरांत कोणत्या वाटेनें शिरतो व कोणत्या क्रमानें वाढतो याचें ज्ञान म्हणजे संप्राप्ति. तिच्या अभावीं काय अनर्थ होतो, हें इ. स. 1896 च्या प्लेगानें महाराष्ट्रास शिकविलें.

त्या वर्षीं सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत तीव्र ताप आणि जांघेंत दुखरी गांठ येऊन माणसें मरूं लागलीं. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, आहे असें डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ओळखिलें. हें काम सोपें नव्हतें. जांघेंतील गांठ पायाच्या साध्या जखमेनें येते, उपदंशानें येते, हत्तीरोगांतही येते. आमच्या सोलापुरांत सात रस्त्याच्या चौकांत उभ्या असलेल्या मनुष्याकडे पाहून तो कोणत्या रस्त्यानें आला हें सांगतां येत नाहीं. पायांवरची धूळ पाहावी लागते. वैद्यासही तसेंच विचारावें लागतें : ताप किती तासांत चढला? पायास जखम आहे काय? घरांत उंदीर मेले काय? शेवटचा निवाडा सूक्ष्मदर्शक यंत्राचा. इ. स. 1894 मध्यें येर्सिन यानें हाँगकाँग येथें शोधिलेले जंतु गांठींतील द्रवांत दिसले म्हणजे शंका उरत नाहीं.

नांव बरोबर ठरलें. पण जंतु माणसाच्या अंगांत शिरतो कसा, हें कोणासच ठाऊक नव्हतें. म्हणून सरकारनें सर्वच दिशांनीं हत्यार चालविलें. गटारें धुतलीं, भिंतींस चुना फांसला, अंथरुणें जाळलीं, आगगाडीचे उतारू तपासले. पुण्यांत गोरे शिपाई घरांत शिरले. त्या संतापाची परिणति 22 जून 1897 च्या रात्रीं रँडवरील गोळींत झाली. रोग मात्र थांबला नाहीं. सोलापूरही त्यांतून सुटलें नाहीं.

इ. स. 1898 मध्यें कराची येथें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदरावरील पिसूकडे बोट दाखविलें. त्यावर फारसा कोणी विश्वास ठेविला नाहीं. पुढें 1905 पासून मुंबईंतील प्लेग-संशोधन मंडळानें तें सिद्ध केलें. पिसूच्या उडीच्या टप्प्यापलीकडे उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी वांचत, खालचे मरत. 1914 मध्यें बॅकट व मार्टिन यांनीं दाखविलें कीं, पिसूच्या जठराच्या तोंडाशीं जंतूंचा बोळा बसतो. भुकेली पिसू पुनःपुन्हां चावते आणि गिळलेलें रक्त जंतूंसह जखमेंत परत ओकते. उंदीर मरून थंड पडला कीं ती माणूस शोधते. दंश बहुधा पायास होतो, म्हणून गांठ बहुधा जांघेंत उठते. जंतु फुप्फुसांत पोंचले तर मात्र पिसूची गरज उरत नाहीं. खोकलाच रोग वाहून नेतो.

आतां मागें वळून पाहिलें, तर उंदीर पडूं लागतांच गांव सोडून माळावर झोंपड्या घालणारा अडाणी शेतकरी चुना फांसणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षां सत्याच्या अधिक जवळ होता. त्यास कारण ठाऊक नव्हतें. पण घटनांचा क्रम त्यानें नीट पाहिला होता.

सोलापुरांत वैद्यकीय महाविद्यालय 1963 मध्यें निघालें. तेथील विद्यार्थ्यापुढें प्लेग येणार नाहीं कदाचित्, पण ताप रोज येईल. तांबड्या पेशी फोडून जंतु बाहेर पडतात तेव्हां हिवतापाची थंडी भरते, हें ज्यास कळलें तो रक्त केव्हांही तपासण्यास चुकणार नाहीं. विषमज्वरांत आंतड्यास व्रण पडतात हें ज्यास कळलें तो तिसऱ्या आठवड्यांत रेचक देण्यास धजणार नाहीं. नांव पुस्तकांत सांपडतें. संप्राप्ति कळली नाहीं, तर त्या अज्ञानाची किंमत रोगी देतो आणि साथींत सबंध समाज देतो.