पलायनवाद : विसावा की पळवाट?

दैनंदिन अडचणी, कंटाळा आणि चिंता यांपासून मन काही काळ दूर नेण्याच्या प्रवृत्तीला ‘पलायनवाद’ म्हणतात. कादंबरी, चित्रपट, क्रिकेटचा सामना, प्रवास, दिवास्वप्ने, मोबाइलवरील खेळ आणि मद्य ही तिचीच निरनिराळी रूपे होत. या सर्वांना एकाच मापाने मोजणे मात्र योग्य ठरत नाही. मन कशात रमले, यापेक्षा परत आल्यावर ते अडचणीला तोंड देण्यास अधिक समर्थ झाले की नाही, यावर विसावा आणि पळवाट यांतील भेद अवलंबून असतो.

संकल्पनेचा उगम

या अर्थाचा इंग्रजी शब्द १९३०च्या दशकात रूढ झाला. १९२९ नंतरच्या महामंदीने बेकारी वाढवली होती. तरीही अमेरिकेत लाखो लोक दर आठवड्याला चित्रपटगृहांत जात आणि झगमगाटी संगीतपट पाहत. पुढे हा शब्द वाङ्मयावर दोषारोप करण्यासाठी वापरला जाऊ लागला. ब्रिटिश लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९च्या एका व्याख्यानात त्यास उत्तर दिले. कैद्याने सुटकेचा ध्यास घेणे आणि सैनिकाने रणांगणातून पळ काढणे या दोन गोष्टींत टीकाकार गल्लत करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मराठीतील पडसाद

मराठीत ‘कलेसाठी कला’ मानणारे ना. सी. फडके आणि ‘जीवनासाठी कला’ मानणारे वि. स. खांडेकर यांच्या भूमिकांतून हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत चर्चिला गेला. दुसरीकडे बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी सर्वसामान्य वाचकाला घटकाभर वेगळ्या जगात नेले आणि अनेकांना वाचनाची गोडी लावली. केवळ करमणूक म्हणून ती हिणवणे अन्यायकारक ठरेल.

मानसशास्त्र काय सांगते?

नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ फ्रोडे स्टेनसेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पलायनाचे दोन प्रकार मांडले. पहिल्यात आनंद, नवा अनुभव वा कौशल्य मिळवून व्यक्ती स्वतःला समृद्ध करते. दुसऱ्यात नकोसे विचार आणि भावना दडपण्यासाठीच ती एखाद्या गोष्टीत बुडून जाते. कृती एकच असूनही हेतू भिन्न असू शकतात. सायंकाळी गाण्याचा रियाज करणारा ताजातवाना होतो. पण घरातला संवाद टाळण्यासाठीच तासन्‌तास रियाज चालू असेल, तर तीही पळवाटच.

रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये केलेली मांडणीही येथे उपयुक्त ठरते. काही अडचणी सोडवता येतात, तर काहींमध्ये स्वतःच्या भावना सावरणे एवढेच हाती असते. घरातील रुग्णाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला दोन तासांचे नाटक खराखुरा आधार देते. थकलेल्या कर्जाचे मात्र तसे नाही. बँकेचे पत्र न उघडता दूरचित्रवाणीसमोर बसल्याने व्याज थांबत नाही.

धोक्याची लक्षणे

विसावा कोणत्या टप्प्यावर आजार बनतो, हे ओळखणे महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग’च्या विकाराचा समावेश आहे. खेळावर नियंत्रण न राहणे, इतर कामांपेक्षा त्यालाच प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे, ही त्याची लक्षणे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला. अशा खेळांत चिंता विसरण्याचे साधनच नव्या कर्जाचे कारण होते.

मद्याचेही तसेच. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाबरोबर कुटुंबीयांशीही संवाद साधला जातो. कारण एकाच्या पळवाटेची किंमत साऱ्या घराला मोजावी लागते.

आपला विरंगुळा लपवावा लागतो का, त्याची मात्रा वाढत चालली आहे का आणि त्यानंतर मूळ प्रश्न अधिक जड वाटतो का, हे प्रत्येकाने तपासावे. उत्तर ‘होय’ असेल, तर जवळच्या व्यक्तीशी वा तज्ज्ञाशी बोलणे हिताचे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.