तटबंदीची साक्ष

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळा कातळ, बुरूज आणि दरवाजा उभा राहतो. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात मात्र असा एक किल्ला आहे, की जिथे यातलं काहीच दिसत नाही. त्याचं नाव मेडन कासल. टेकडीभोवती एकामागे एक मातीचे प्रचंड बांध आणि त्यांच्यामध्ये खोल खंदक, एवढाच हा किल्ला. टेकडीचा खडूसारखा पांढरा, ठिसूळ खडक खणायचा आणि त्याच मालाचा शेजारी तट रचायचा. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास हे काम सुरू झालं आणि वाढत वाढत आतली जागा ४७ एकरांपर्यंत गेली. गोफणीसाठी समुद्रकाठून आणलेले हजारो गोटेही इथे सापडले आहेत.

१९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर यांनी इथे उत्खनन केलं. पूर्वेच्या दरवाजापाशी त्यांना दफनं मिळाली. काही सांगाड्यांवर घाव होते, एकाच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेलं होतं. व्हीलर यांनी निष्कर्ष काढला, की इ. स. ४३ मध्ये रोमन फौजेने किल्ला घेतला आणि कत्तल केली. ही कथा पुढे घरोघरी पोचली.

श्रोतेहो, हेच व्हीलर १९४४ मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन भारतात आले. १९४६ मध्ये त्यांनी हडप्पा इथली कच्च्या विटांची तटबंदी उघडी केली. ऋग्वेदात इंद्राला ‘पुरंदर’ म्हटलं आहे, म्हणजे पुरं फोडणारा. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या गडाचं नावही तेच. व्हीलर यांनी हा तट, ते विशेषण आणि मोहेंजोदडोत आधीच मिळालेले सांगाडे यांची सांगड घातली आणि आर्यांच्या आक्रमणाचा ठपका इंद्रावर ठेवला.

दोन्ही ठिकाणी कथेचा साचा एकच होता : तट दिसला, सांगाडे दिसले, म्हणजे बाहेरून शत्रू आला आणि सारं संपलं. पण १९६४ मध्ये अमेरिकन संशोधक जॉर्ज डेल्स यांनी दाखवून दिलं, की मोहेंजोदडोचे सांगाडे एकाच वेळचे नाहीत आणि कत्तलीला आधार नाही. मेडन कासलच्या हाडांचं कार्बन कालमापन तर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथली माणसं एका दिवशी मेली नव्हती. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, काही पिढ्यांमध्ये मिळून, ती मारली गेली होती. म्हणजे रक्तपात खरा होता, पण बराचसा आपसातला असावा.

यात व्हीलर यांना हसण्यासारखं काही नाही. त्यांनी थर नीट नोंदवले, हाडं जपली, म्हणूनच पुढच्यांना त्यांची चूक दाखवता आली. अडचण आपली आहे. आक्रमणाची गोष्ट आपल्याला चटकन पटते. मग तिच्यावर वंशाचे आणि भाषेचे वाद उभे राहतात, आणि पुरावा बदलला तरी ते वाद मिटत नाहीत.

तट एवढंच सांगतो, की इथे पुष्कळ माणसं एकत्र राबली आणि त्यांना काहीतरी राखायचं होतं. कोणापासून, हे मात्र त्याच्या तोंडी आपण घालू नये.