घाटाच्या राजाचे कूळ

मुंबईहून पुण्यास येणाऱ्या सायकल-शर्यतीत खोपोलीची सपाटी सोडून बोरघाटाच्या वळणांवरून जो स्पर्धक सर्वांआधी माथा गाठतो, त्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याचा प्रघात आहे. या राज्याची मौज अशी, की ते फार तर तासा-दीड तासाचे असते. माथ्यापासून पुणे साठ-पासष्ट किलोमीटर उरते, तो सारा रस्ता उताराचा आणि सपाटीचा, आणि सपाटीवर एकट्या माणसाचे फारसे काही चालत नाही. तेथे सायकलस्वाराचे मुख्य वैर वाऱ्याशी असते. पुढच्याच्या चाकामागे चाक लावून जाणाऱ्यास त्या वाऱ्याचा जाच पुष्कळच कमी होतो, आणि म्हणून आळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घेणारा घोळका एकट्या पळालेल्या स्वारास बहुधा गाठतोच. चढावर मात्र वेग मंदावला की वाऱ्याचे माहात्म्य ओसरते आणि देहाच्या वजनाचा हिशेब सुरू होतो. सपाटीवर ज्यांच्या मांड्यांपुढे कोणाचा टिकाव लागत नाही असे धिप्पाड गडी तेथे धापा टाकू लागतात, आणि एखादा किरकोळ अंगाचा, दमदार छातीचा पोरगा त्यांच्यामधून निसटून वर निघून जातो. पुढे लोणावळ्यानंतर तो पकडला जाणार हे पंचांना, प्रेक्षकांना आणि बहुधा खुद्द त्यालाही ठाऊक असते. ज्याचे राज्य टिकावयाचे नाही त्यास हौसेने राज्याभिषेक करण्याची ही रीत आली कोठून, हा प्रश्न म्हणूनच कुळकथा शोधण्याजोगा आहे.

कलघटगीसारख्या गावी बसून या प्रश्नाचा विचार करू लागले म्हणजे तो थोडा निराळा दिसतो. धारवाड जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण हुबळीहून तीसएक किलोमीटरांवर, काळी जमीन संपून मलनाडची झाडी सुरू होण्याच्या सीमेवर वसलेले. बाहेर त्याची ख्याती आहे ती लाखेच्या रंगांनी रंगविलेल्या, पौराणिक प्रसंगांनी चितारलेल्या लाकडी पाळण्यांसाठी. गावातून जाणारा हमरस्ता यल्लापुराकडे जातो आणि पुढे अरबैलच्या घाटाने अंकोल्यास समुद्रकाठी उतरतो. पूर्वी हा मुलूख मुंबई इलाख्यात होता आणि रेल्वे येण्याआधी धारवाडचा कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जात असे. घाटमाथ्यावरच्या आम्हां लोकांना घाट म्हटले की प्रथम आठवते ते उतरणे. चढणे ही परतीची, मीठ आणि नारळ लादून आलेल्या बैलांची गोष्ट. त्या बैलांनाही घाटमाथ्यावर कोणी किताब दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्या चढाला शतकानुशतके केवळ कष्ट, दिरंगाई आणि वाहतुकीच्या खर्चाची बाब म्हणून पाहिले गेले, त्यास मानाचे स्थान प्राप्त होण्यासाठी आधी रस्ते, मग सायकल आणि मग वर्तमानपत्र या तीन गोष्टींची जुळणी व्हावी लागली.

पैकी रस्त्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. गाड्या जातील असा बोरघाटाचा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला, आणि आजचे स्पर्धक ज्या वाटेने चढतात तिचे मूळ त्या कामात आहे. सायकलीच्या बाबतीत आमच्या भागाला मात्र अभिमानाने सांगण्यासारखे काही आहे. १८८८ च्या सुमारास, म्हणजे डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले त्याच काळात, गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय आरंभिला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची चाकरी करीत असता ते तेथून सायकली खरेदी करून पाठवीत, आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकीत व लोकांना चालवावयास शिकवीत. एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये, आणि बसावयास शिकविण्याची फी १५ रुपये! त्या काळच्या कारकुनाच्या दरमहा पगाराचा विचार केला असता हे वाहन वकील, डॉक्टर आणि साहेबलोक यांच्यापलीकडे जाणे शक्य नव्हते. पुढे किर्लोस्करांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले, किर्लोस्करवाडी वसविली, आणि बेळगावच्या सायकलींची गोष्ट त्या मोठ्या चरित्राच्या पहिल्या पानांत राहून गेली. तात्पर्य एवढेच, की सायकल येथे आली ती ऐपतीची आणि प्रतिष्ठेची वस्तू म्हणून. तिच्यावर पोट भरणारा माणूस आमच्या कल्पनेत अजून यावयाचा होता.

तो माणूस जन्मास आला फ्रान्समध्ये, आणि त्यास जन्म दिला वर्तमानपत्राच्या खपाने. ‘लोतो’ या क्रीडापत्राचा संपादक आंरी देग्रांज याने प्रतिस्पर्धी पत्रावर मात करण्यासाठी १९०३ मध्ये अवघ्या फ्रान्सची प्रदक्षिणा घालणारी सायकल-शर्यत भरविली. ६ टप्पे, सुमारे २४०० किलोमीटर, आणि रात्रीसुद्धा चालणारी दौड. ती मोरिस गारँ याने जिंकली. वाचकाला पराक्रम हवा, पराक्रमास संकट हवे, आणि संकट म्हणून डोंगरासारखी फुकटात मिळणारी सामग्री दुसरी नाही, हे देग्रांजच्या कचेरीतील मंडळींनी लवकरच ओळखले. १९०५ मध्ये बालों द’आल्सास हा डोंगर मार्गात घातला गेला, आणि तो प्रथम चढला रने पोतिए. पुढल्याच वर्षी पोतिएने संपूर्ण शर्यत जिंकली आणि १९०७ च्या जानेवारीत आत्महत्या केली. डोंगरावरच्या पहिल्या नायकाची ही अखेर.

१९१० मध्ये पिरेनीज पर्वताची पाळी आली. मार्गाची पाहणी करण्यास गेलेला अल्फोंस स्तेनेस हा देग्रांजचा सहकारी तुरमाले खिंडीत बर्फात अडकला, मोटार सोडून अंधारात पायी भरकटला, शोधपथकाच्या हाती लागला, आणि सुखरूप पोहोचल्यावर त्याने संपादकास तार केली ती रस्ता उत्तम असून वाहतुकीस योग्य असल्याची. सरकारी दप्तरातही इतका निर्मळ खोटा अहवाल क्वचितच सापडेल. त्या २११५ मीटर उंचीच्या खिंडीवरून त्या वर्षी प्रथम गेला तो ओक्ताव्ह लापीझ. ओबिस्क खिंडीत त्याने आयोजकांना उघड उघड खुनी म्हटले आणि तरीही शर्यत तोच जिंकला. १९१३ मध्ये तुरमालेच्या उतारावर अजेन क्रिस्तोफच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घेण्यास मनाई, म्हणून सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावी गेला, लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने तो चिमटा जोडला, आणि एका पोराने भाता हलविला एवढ्या कारणावरून पंचांनी त्यास दंड केला.

या सर्व काळात डोंगर चढणारास वृत्तपत्री स्तुतीपलीकडे विशेष काही मिळत नसे. हिशेब होता तो एकूण वेळेचा. चढावर मिळविलेली मिनिटे उतारावर आणि सपाटीवर गमावली की संपले. ही विसंगती सहन होईनाशी झाली ती व्हिसेंते त्रुएबा या स्पॅनिश स्वारामुळे. उत्तर स्पेनमधील तोरेलावेगा गावचा हा मनुष्य इतका लहानखुरा, की त्यास लोक ‘पिसू’ म्हणत. १९३३ च्या शर्यतीत त्याच्यापाठीशी संघ नव्हता, कारखाना नव्हता; राष्ट्रीय संघांच्या लवाजम्यात तो एकांडा शिलेदार म्हणून धावत होता. खिंडीमागून खिंड तो सर्वांआधी चढे, आणि पलीकडे उतरताना बेतानेच उतरत असल्यामुळे मागचे लोक त्यास गाठून पुढे जात. एकूण क्रमांकात तो सहावा आला. या शर्यतीतला एकही टप्पा त्याने जिंकला नाही. पण त्याच वर्षी डोंगरावरच्या क्रमाची स्वतंत्र गणना रीतसर सुरू झालेली होती आणि त्या गणनेत त्रुएबा पहिला होता. त्याच साली इटलीच्या शर्यतीतही ही पद्धत आली आणि तेथे आल्फ्रेदो बिंदा पहिला ठरला. पण बिंदाने ती संपूर्ण शर्यतही जिंकली असल्यामुळे त्यास या मानाची गरज नव्हती. माझ्या मते या किताबाचा खरा मूळपुरुष त्रुएबाच होय, कारण जो अन्यथा केवळ पराभूत म्हणून नोंदला गेला असता त्याच्यासाठी हा मान आवश्यक होता. पुढल्या वर्षी देग्रांजने माथ्यावर प्रथम येणारास काही वेळ वजा करून देण्याचीही तजवीज केली, हे त्रुएबाच्या हकिकतीचेच फलित.

चढाईस मान देणारा हाच देग्रांज चढाई सुकर करणाऱ्या यंत्राचा मात्र कट्टर वैरी होता. चालत्या सायकलीवर साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी योजना, जिला आज आपण सरसकट गियर म्हणतो, ती पंचेचाळिशी उलटलेल्या लोकांसाठी ठीक आहे, असे त्याने १९०२ मध्येच लिहून टाकले होते. परिणामी स्वार घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत, कारण चाकाच्या दोन्ही बाजूंस निरनिराळ्या दात्यांची चक्रे असत, आणि माथ्यावर पुन्हा तोच खटाटोप करीत. १९२७ मध्ये इटलीतील क्रोचे द’आऊने खिंडीत थंडीने बोटे बधिर झाल्यामुळे तुल्यो कांपान्योलो यास चाकाच्या चाप्या सोडविता आल्या नाहीत. त्या अनुभवावरून त्याने एका खटक्यात चाक मोकळे करणारी कळ तयार केली आणि १९३० मध्ये तिचे पेटंट घेतले. फ्रान्सच्या शर्यतीत गियरबदलास परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. म्हणजे त्रुएबा ज्या खिंडी चढला त्या चाक उलटे-सुलटे करण्याच्या जमान्यात चढला, हे विसरता कामा नये.

युद्धोत्तर काळात या परंपरेने फेदेरिको बाहामोंतेस यास पाहिले. तोलेदोचा हा गरुड सहा वेळा डोंगराचा अव्वल ठरला. १९५४ मध्ये तो एका माथ्यावर सर्वांच्या पुष्कळ आधी पोहोचला आणि सायकलीच्या तारा मोडल्यामुळे दुरुस्तीची गाडी येईतो आइसक्रीम खात उभा राहिला. १९५९ मध्ये त्याने संपूर्ण शर्यतच जिंकली. पांढऱ्या अंगरख्यावर तांबडे ठिपके ही डोंगरराजाची वस्त्रे १९७५ पासूनची. त्यांचा खर्च एका चॉकलेट कारखान्याने उचलला होता, आणि तो अंगरखा अखेरपर्यंत मिरवणारा पहिला स्वार बेल्जियमचा लुसियाँ व्हान इंप.

येथे व्यावसायिक स्वाराच्या चरितार्थाचा प्रश्न येतो. युरोपात त्यास पोसणारा आश्रयदाता प्रथम सायकलींचा कारखानदार होता. १९५४ मध्ये इटलीच्या फियोरेंझो माग्नीने निव्हिया या मलमाच्या कंपनीस संघाचे यजमानपद देऊ केले आणि तेव्हापासून दारू, विमा, फरशा असा कोणीही या राजांचा धनी होऊ लागला. छातीवर ज्याचे नाव, त्यास वर्तमानपत्रातील छायाचित्र हवे. आणि घाटमाथ्यावर एकटा पोहोचणारा स्वार छायाचित्रात दुसऱ्या कोणाच्या गर्दीत हरवत नाही. किताब टिकला यामागे केवळ न्यायबुद्धी नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडे किताब आला, धनी मात्र निराळा मिळाला. मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या पारशी तरुणांनी १९२३ ते १९२८ या अवधीत सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९३८ मध्ये जानकीदास, जे पुढे हिंदी चित्रपटांत नट म्हणून अधिक ओळखले गेले, आणि मुंबईचे सोहराब भूत यांनी राष्ट्रीय संघटना उभी केली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या सायकलपटूंतही मुंबईच्या पारशांचा भरणा होता. ही सारी हौशी मंडळी. हौस संपून चरितार्थ सुरू झाला तो रेल्वे आणि सेनादलाच्या नोकरीत. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातला मुलगा शर्यतीत चमकला की त्यास खेळाडू म्हणून भरती करून घेतात; दरमहा वेतन, सरावासाठी सवलत, बढती आणि निवृत्तिवेतन. बेंगळुरूच्या नवीन जॉनप्रमाणे परदेशी संघातून धावणारे आणि २०१६ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत उतरणारे विरळा. आमच्या हुबळीत २००३ पासून दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे, आणि विजापूर, बागलकोट, बेळगाव या पट्ट्यात सायकलपटू घडतात. त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ठिपक्यांचा अंगरखा नसून नेमणुकीचा हुकूम असतो. यात कमीपणा मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्रुएबापाशी असा हुकूम असता, तर त्याने उतारावर जीव सांभाळला याबद्दल त्यास कोणी दोष दिला नसता.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर परदेशी संघांची अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत भरल्यापासून आमच्याकडील उत्साही तरुण अरबैल घाटातही शर्यत घ्यावी असे म्हणू लागले, तर नवल नाही. माझी एकच सूचना राहील. ती हुबळीहून अंकोल्याकडे न घेता अंकोल्याहून हुबळीकडे घ्यावी, म्हणजे समुद्रसपाटीपासून यल्लापूरपर्यंत पाचशे मीटरांहून अधिक चढण पदरी पडेल. अवजड मालमोटारींची ये-जा त्या दिवसापुरती थांबविण्याचा हुकूम दोन जिल्ह्यांच्या कलेक्टरांकडून आधी मिळवावा. आणि बक्षीस यल्लापुरासच देऊन टाकावे, कारण तेथून हुबळी सत्तर किलोमीटर आहे आणि आमच्या कलघटगीच्या वेशीवर पोहोचण्यापूर्वीच घोळक्याने त्या राजास गाठलेले असेल.