रंगपटातला ब्रश

माझ्या भाचीनं आमच्या सुप्यात ब्यूटी पार्लर काढलं. पुण्याहून आणलेली ब्रशांची गुंडाळी तिनं माझ्यापुढं उलगडली. बारा ब्रश. काही चपटे, काही न्हाव्याच्या ब्रशासारखे गुबगुबीत. म्हणाली, "मामू, तुम्ही तमाशावर एवढं वाचलंय. फाउंडेशनला यातला कुठला आणि पावडरला कुठला? आणि हे केस डुकराचे तर नाहीत ना? बायका विचारतात."

मी हसलो. कारण लहानपणी उरसात तमाशाचा फड आला, की आम्ही पोरं कनातीच्या फटीतून रंगपटात डोकवायचो, आणि तिथं ब्रश मुळी नसायचाच. बशीत कालवलेला सफेदा, आरशाचा फुटका तुकडा, जुन्या लुगड्याची चिंधी. रंग बोटांनी लावायचा, पावडर तळहातानं थापायची. भुवया कोरायला विझवलेली आगकाडी. झालं!

त्याच फडात एक म्हातारा सोंगाड्या होता. त्याचा उजवा हात मनगटापासून लोंबायचा. 'वारं गेलं' असं सगळे म्हणत. पुढं कधीतरी शिशाच्या विषबाधेबद्दल वाचलं. पोटात कळा येतात, रक्त कमी होतं आणि मनगट असंच लुळं पडतं. त्याचा हात शिशानंच गेला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्याची तरुणपणातली रंगपेटी मात्र मला तेव्हापासून वेगळी दिसू लागली.

त्या पेटीत काय असे? तोंडाला लावायचं मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड. जुना सफेदा तोही शिशाचाच. जस्ताचा पुढं आला. गालाओठांचा हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हा विजेचा दिवा नव्हता. तमाशा तर मशाली-पलित्यांवरच चाले. उजेड मंद, म्हणून रंग जाड आणि भडक. शिवाय बाईचं काम करणारा पुरुषच, तेव्हा दाढीची निळसर झाकही लपवायला हवी. बोटांनी जाड थर बसतो, ही तेव्हा सोयच होती.

आता यातली मेख बघा. असं शिसं कातडीतून फारसं आत शिरत नाही. ते जातं तोंडावाटे आणि श्वासावाटे. रंग लावलेल्या हातानंच नट तंबाखू मळणार, त्याच हातानं मध्यरात्री भाकरी मोडणार. कोरडी भुकटी थापताना उडणारी धूळ नाकात जाणार. धोका चेहऱ्यापेक्षा हाताला जास्त होता. एखादा कुंचला मध्ये असता, तर निदान बोटं तरी कोरी राहिली असती. कुंचले आपल्याकडं नव्हते असं थोडंच आहे! खारीच्या केसांच्या कुंचल्यानं आपले चितारी बारीक चित्रं काढत. फडातल्या माणसाच्या तोंडासाठी ते घ्यावेत, असं कुणाला वाटलं नाही.

युरोपातही नट शिशानंच तोंड रंगवत. बर्लिनचा एक ऑपेरागायक, लुडविग लाइखनर, यानं १८७३ साली शिसं नसलेल्या तेलकट रंगाच्या कांड्या विकायला काढल्या. मग सिनेमा आला. फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले साळुंके, म्हणजे पुन्हा पुरुषच. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. गालावरची लाली पडद्यावर काळी उमटायची. रंगभूषेचं गणित बदललं. १९३८ च्या सुमाराला मॅक्स फॅक्टरचा पॅनकेक बाजारात आला. तो ओल्या स्पंजानं लावायचा. आपल्या नाटकवाल्यांच्या तोंडी तो शब्द असा बसला, की कुठल्याही कंपनीचा रंग असो, त्याला पॅनकेकच म्हणायचं. पण स्पंज बहुतेक वेळा एकच, आणि त्यावर सगळ्या कंपनीची तोंडं. एकाच्या पुटकुळ्या दुसऱ्याला!

गंमत म्हणजे त्याच १९३८ साली अमेरिकेत नायलॉनचे केस निघाले, पहिल्यांदा दात घासायच्या ब्रशासाठी. भाचीच्या गुंडाळीतल्या चपट्या ब्रशांचं कूळ तेच. पुढं कॅमेरा इतका जवळ आला, की जाड थर चालेना. सुबोध भावे यांना 'बालगंधर्व' करणारे रंगभूषाकार विक्रम गायकवाड, ज्यांचं २०२५ साली निधन झालं, त्यांना २०११ च्या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यात हा चित्रपट होता. बालगंधर्व स्वतः रंगमंचावर दिव्यांसाठी रंगत. त्यांचा पडद्यावरचा चेहरा भिंगासाठी रंगवावा लागला.

तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. जनावराच्या केसावर माशासारखे बारीक खवले असतात. त्यात कोरडी पावडर अडकते आणि चेहऱ्यावर अलगद, सारखी सुटते. म्हणून पावडरला मोठा, गोल, सैल ब्रश. बहुधा तो बकरीच्या केसांचा असतो. पातळ फाउंडेशन मात्र तोच केस पिऊन टाकतो, निम्मं ब्रशातच राहतं. त्याला नायलॉनचा, दाट भरलेला घ्यावा. घेताना मनगटाच्या आतल्या बाजूवर दाबून बघावा, टोचला तर ठेवून द्यावा. केस हलकेच ओढावेत. धुतल्यावर उभा ठेवू नये. पाणी पत्र्याच्या टोपीत उतरून डिंक सुटतो. आणि प्रत्येक बाईनंतर धुवायचा, हे तर न्हाव्याच्या वस्तऱ्याइतकंच पक्कं.

डुकराचा केस राठ असतो. तो तैलरंगाच्या आणि केस विंचरायच्या ब्रशांत जातो, गालावर फिरवायच्या मऊ ब्रशात सहसा नाही. मला जास्त धास्ती मुंगसाची वाटते. चित्रकारांच्या ब्रशांसाठी मुंगसं मारली जातात. वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि २०१९ साली त्यावर मोठे छापेही पडले.

एवढं ऐकून भाचीनं प्रत्येक ब्रशाचा एकेक केस उपटला आणि आगकाडी ओढली. नायलॉन वितळून त्याची गोळी होते. बारापैकी अकरांची झाली. बारावा, पावडरचा गुबगुबीत, चुरचुरला आणि जळक्या केसाचा वास सुटला. दुकानदारानं तोही नायलॉनचा म्हणूनच दिला होता. कुठल्या जनावराचा, ते काही वासावरून कळत नाही. तिनं तो गुंडाळीतून काढला. आता त्यानं ती आरशावरची पावडर झाडते.